तीन रविवारांची नोटीस

ता. १ मार्च

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. आणि आणखी एक विनंती, हे पत्र उभ्याने वाचू नकोस, खुर्ची ओढून बस.

काल बिशपसाहेबांनी माझ्या नेमणुकीवर सही केली. अकरा वर्षं इस्पितळात आजाऱ्यांच्या उशाशी प्रार्थना म्हणणारा तुझा भाऊ आता एका अख्ख्या चर्चचा पाळक होणार. मुलगी म्हणून बाप्तिस्मा झालेला आणि पुरुष म्हणून वेदीपाशी उभा राहिलेला पाळक आपल्या अँग्लिकन धर्मप्रांतात एवढ्या मोठ्या चर्चला आजवर मिळाला नव्हता, असं तेच म्हणाले. म्हणताना त्यांनी पाण्याचा पेला दोनदा उचलला आणि न पिता खाली ठेवला.

नियम तुला ठाऊकच आहे. दारावर नोटीस लागते आणि तीन रविवार उपासनेत वाचली जाते, की या माणसाच्या नेमणुकीला कोणाची हरकत असेल तर त्याने उभं राहून सांगावं. पाच, बारा आणि एकोणीस तारीख. एकोणीसपर्यंत निभावलं की त्याच दिवशी चर्च माझ्या ताब्यात.

मी ठरवलंय, कोणी विचारण्याआधी आपणच सांगायचं. तिसऱ्या रविवारी माझ्या बाप्तिस्म्याची नोंद मीच वाचून दाखवणार, जुन्या नावासकट. आमच्यासारख्यांचं जुनं नाव खोडू नका, समासात नवं लिहा आणि पाळकाने त्याला आशीर्वाद द्यावा, हे सात वर्षं मी घसा फोडून सांगतोय. चर्च मिळालं की धर्मसभेत बोलायचा हक्क मिळतो, आणि एप्रिलमध्ये हा ठराव मीच मांडीन. मग सुरुवात स्वतःपासून नको का? तेव्हा तुझ्या कपाटातल्या वहीतून नोंदीची नक्कल काढून सही-शिक्क्यासकट पाठव. बहीण चर्चची नोंदणी-कारकून असण्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

बाबांना सांभाळ. लोभ आहेच, नक्कल आली की दुप्पट करीन.

तुझा धाकटा

ता. ४ मार्च

प्रिय धाकट्या,

अ. उ. आ. त्यातला एक कान ओढून, कारण एवढी मोठी बातमी आणि पत्र मात्र हिशेबनिसासारखं कोरडं.

बाबांना वाचून दाखवलं. दुपारी ते फाटकाशी जाऊन माळ्याला म्हणाले की माझा मुलगा पाळक होतोय. थोड्या वेळाने पुन्हा गेले आणि पुन्हा तेच सांगून आले, आणि या खेपेला माळ्याने काही विचारलंही नव्हतं. मी खिडकीतून बघत होते. मला रडूच आलं रे.

आमचं बरं आहे. बाबांचे गुडघे आता एक पायरीही चढू देत नाहीत, त्यामुळे चर्चच्या मागच्या या दोन खोल्या म्हणजे देवाची कृपा. माझी नोकरी आहे तोवर खोल्या आहेत, एवढंच मी धरून असते.

नकलेचं म्हणशील तर कपाटाचं कुलूप अडकलंय. आणि खरं सांगू, नोंद वाचून दाखवायची कशाला? तुझं सगळं बिशपसाहेबांना माहीत आहे, मंडळीला माहीत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक तुला आहेस तसा घेतायत तर घेऊ देत की. फोन मात्र करू नकोस, ऑफिसातला फोन आमच्या पाळकसाहेबांच्या टेबलावर असतो आणि त्यांचे कान लांब आहेत.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझ्यावरचा लोभ कमी केलास तर बघच.

तुझी ताई

ता. ६ मार्च

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. पहिला रविवार पार पडला. नोटीस वाचली, कोणी उठलं नाही.

शेवटच्या बाकावर एक बाई बसतात, बस चालवतात. त्यांचा प्रवास माझ्या उलट दिशेने झालेला, मुलगा म्हणून जन्मल्या आणि पुढे बाई झाल्या. दर रविवारी प्रभुभोजनाच्या आधी उठून निघून जातात. काल मात्र दाराशी थांबल्या. मी पाळक झालो की त्यांचंही नवं नाव समासात लिहीन का, असं त्यांनी विचारलं. मी शब्द दिला. त्या गणवेशाच्या टोपीला हात लावून गेल्या आणि मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.

चर्च कमिटीत एक घड्याळजी आहेत. सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की त्यांचं माझ्याशी वैयक्तिक काही नाही, ते फक्त कागद मानतात. मग माझा बाप्तिस्मा कुठल्या गावी, कुठल्या साली झाला ते विचारलं. मी कशाला लपवू? सांगितलं. निघताना पाहिलं तर दारावरच्या नोटिशीत हरकत या शब्दाखाली कोणीतरी पट्टी धरून पेन्सिलीने रेघ ओढली होती. अगदी सरळ रेघ, ताई. त्या रेघेनेच मला जास्त अस्वस्थ केलं.

कुलपाचं कौतुक पुरे. जन्मभर सुतारकाम केलेला बाप घरात असताना कपाट उघडत नाही हे कोणाला सांगतेस? नक्कल पाठव. उत्तराची वाट बघतोय, लोभाची तर रोजच.

तुझा धाकटा

ता. ९ मार्च

प्रिय धाकट्या,

अ. उ. आ. रागावू नकोस, नक्कल करते.

परवा ऑफिसात एक गृहस्थ आले होते. इस्त्रीचा कोट, जोडे चकचकीत. आजोबांची बाप्तिस्म्याची नोंद शोधतोय म्हणाले. मी आजोबांच्या काळातली वही काढली तर म्हणाले ही नको, आणि नेमकी आपल्या सालांची मागितली. वही मागेल त्याला दाखवावी लागते, नियमच आहे. मी समोरच बसून राहिले. त्यांनी खिशातून एक भिंग काढलं, डोळ्यात बसवलं आणि पानं उलटत गेले. एका पानावर फार थांबले. मग पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं. मी मध्येच विचारलं की आजोबा सापडले का, तर हसून म्हणाले की सापडले. माझ्या अक्षराची स्तुती केली. इतकं एकसारखं वळण आता बघायला मिळत नाही म्हणाले.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. बाबांना औषध दिलं की नाही तेही आठवत नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटते. कोण असतील रे ते? तुझ्या ओळखीचे तर नाहीत ना?

तू ते नोंद वाचायचं सोडून दे. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक. लोभ असू दे, काहीही झालं तरी असू दे.

तुझी ताई

ता. १३ मार्च

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. हे तातडीच्या टपालाने पाठवतोय.

काल दुसरी नोटीस वाचली आणि घड्याळजी उभे राहिले. तुझ्याकडे आले होते ते हेच, दुसरं कोण? शांतपणे त्यांनी सांगितलं की हा माणूस प्रामाणिकपणाचा ठराव घेऊन फिरतो, पण याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलीचं नाव पात्याने खरवडून वर याचं आत्ताचं नाव लिहिलंय. कागद तिथे पातळ झालाय, असं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी हसलो, ताई. भर मंडळीत हसलो. म्हटलं, ती वही माझ्या बहिणीच्या ताब्यात आहे, तिच्या कपाटात माशीसुद्धा विचारल्याशिवाय बसत नाही. सगळे हसले, घड्याळजी हसले नाहीत.

बिशपसाहेबांनी वही मागवली आहे. गुरुवारी, सोळा तारखेला, त्यांचा माणूस गाडी घेऊन तुझ्याकडे येईल. नोंद मी बदलून घेतली असं ठरलं तर पाळकपणाच काढून घेतला जाईल, इस्पितळातलं कामही जाईल. ठरावाचं नाव मग कोण काढणार? आमच्यातला प्रत्येकजण खोटारडा, असंच म्हणतील.

आता एका ओळीत लिही की हे खोटं आहे. दुसरं काही लिहू नकोस.

तुझा धाकटा

ता. १४ मार्च

प्रिय धाकट्या,

आज आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही.

ते मी केलं. सात वर्षांपूर्वी तू नवं नाव कळवलंस, त्याच दिवशी. ऑफिसात एकटीच होते. बाबांचं दाढीचं पातं आणलं आणि दोन तास श्वास धरून एकेक अक्षर काढलं. मग जुन्या पाळकसाहेबांच्या वळणात तुझं नाव लिहिलं. त्यांच्या नोंदींच्या नकला काढण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यांचं अक्षर मला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

तुझी लाज वाटली म्हणून नाही रे. शाळेच्या दाखल्यावर, आईच्या तोंडी, शेजारपाजारी तुझं चुकीचंच नाव राहिलं. तिथे माझा हात पोचला नाही. हे एक पान तेवढं माझ्या हातात होतं. माझ्याकडे जे होतं ते मी तुला दिलं. वाढदिवसाला सांगणार होते. त्याच्या आदल्या आठवड्यात तुझं पहिलं भाषण वर्तमानपत्रात आलं, की आम्हाला खोडू नका. मी ते वाचलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. नंतर कुठल्या तोंडाने सांगणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मी सात वर्षं त्या कपाटाकडे पाठ करून बसले नाही.

गुरुवारी गाडी येईल. जे करायचं ते मी करीन, तू घाबरू नकोस. लोभ मागायचं धाडस आज नाही.

ताई

ता. १६ मार्च

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. तुझं पत्र सकाळी मिळालं. आधी इतका संताप आला की ते फाडायला घेतलं होतं. शत्रूला जे जमलं नसतं ते तू प्रेमाने केलंस, असं मोठ्याने म्हणालो, रिकाम्या खोलीत. मग परत वाचलं आणि तू श्वास धरून बसलेली दिसलीस.

तुझं नाव सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती, वहीत खाडाखोड केली म्हणून पोलीसही आले असते, आणि बाबा या गुडघ्यांनिशी रस्त्यावर. गप्प राहून चर्च घेतलं असतं तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं. म्हणून दुपारी जाऊन नेमणुकीतून नाव मागे घेतलं. लेखी दिलं. बिशपसाहेबांनी मला पुष्कळ विचारलं, मी एवढंच म्हणालो की कारण सांगणार नाही. शेवटी त्यांनी सही केली. नेमणूकच उरली नाही तर हरकत कसली, असं म्हणाले. वही आली की न उघडताच परत पाठवतील. त्या चर्चला दुसरा पाळक आजच नेमला. मागे घेतलेलं नाव पुन्हा देता येत नाही.

इस्पितळ राहिलं, तेही नशीब. ठराव एप्रिलमध्ये येणार नाही. पुढची सभा तीन वर्षांनी. बस चालवणाऱ्या बाईंना डेपोत जाऊन मीच सांगितलं. त्या बसमध्ये चढल्या आणि आरसा नीट करत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

ताई, आता एकच कर. तोंड उघडू नकोस. वही परत येईल, कपाटात ठेव, कुलूप लाव. तू बोललीस तर मी सोडलेलं सगळं मातीत जाईल आणि तुमचं छप्परही. तुझ्यावरचा राग जायला वेळ लागेल. लोभ मात्र तसूभरही हललेला नाही, तो तू मागायचा नसतो.

तुझा धाकटा

ता. १६ मार्च

प्रिय धाकट्या,

अ. उ. आ., आणि आज हात चांगला वर उचलून.

झालं बाबा, सुटले. अकरा वाजता गाडी आली. मी वही दिली आणि वहीबरोबर माझा कबुलीजबाब, सही-शिक्क्यासकट. आमच्या पाळकसाहेबांसमोर उभं राहून मोठ्याने वाचला, की हे मी एकटीने केलं आणि माझ्या भावाला यातलं काही माहीत नव्हतं. पाळकसाहेब पांढरे पडले. त्यांनी तिथेच किल्ल्या मागून घेतल्या. खोल्या महिनाअखेर सोडायच्या आहेत. पोलिसांचं काय ते बिशपसाहेब ठरवतील म्हणाले. ठरवू देत. सात वर्षांत आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, की आता धाकट्याला त्याचं चर्च मिळेल ना. मी म्हटलं, मिळेल, आता कोण अडवतो त्याला? तर म्हणाले, मग माझा पांढरा सदरा धू.

उद्या सकाळच्या बसने आम्ही दोघं निघतोय. बाबांना एकदम एवढा प्रवास झेपायचा नाही, म्हणून वाटेत आत्याकडे दोन दिवस थांबू आणि रविवारी सरळ चर्चमध्येच येऊ. तुला उत्तर पाठवायचा त्रास नको, इथे पत्र घ्यायला कोणी असणार नाही. पहिल्या बाकावर दोन जागा राखून ठेव, कडेच्या, बाबांना पाय लांब करता येईल अशा. लोभाचं समोरासमोर बघू.

तुझी ताई