कपाशीच्या साहेबांच्या घरी

माय,

काल अकोल्याला तुझ्या कपाशीवाल्या साहेबांच्या घरी जाऊन आले. त्या घराचं आता संग्रहालय केलंय. आम्ही चौघी निवृत्त शिक्षिका अमरावतीहून मुद्दाम गेलो, तर आमच्याशिवाय तिथे चिटपाखरू नव्हतं. राखणदार बिचारा इतका खूश झाला की त्याने सगळे पंखे लावून दिले. साहेबांचा चष्मा, टोपी, वह्या, सगळं काचेत. एका काचेत बारीकसा चिमटा, आणि खाली लिहिलेलं की याच चिमट्याने साहेबांनी कपाशीचं नवं वाण घडवलं. असा राग आला मला! चिमट्याने कळी फाटते म्हणून तर साहेब तुला बोलवायचे. दुपार कलली की तू उद्या उमलणारी कळी हेरायचीस, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या सोलून आतले पुंकेसर अलगद उतरवायचीस आणि वर लाल कागदाची टोपी चढवायचीस. सकाळी त्याच कळीवर दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख तू मुद्दाम वाढवलेलं, आणि ते कायम हिरवं-काळं.

त्या नखाची मला लाज वाटायची. सातवीत, गणपतीच्या दिवसांत, शाळेत मला बक्षीस मिळणार होतं. मी तुला म्हटलं, "ते नख काप, नाहीतर येऊ नको." कपाशीच्या ऐन फुलोऱ्यात तू ते कापून टाकलंस. दुसऱ्या दिवशी मी तुझ्यासोबत शेतावर आहे, साहेब तुझा हात बघून मटकन शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसतात. "काहून कापलं बाई?" तू म्हणतेस, "तुटलं साहेब." परत येताना मी रडायला लागले, तर माझ्यावरच खेकसलीस, "रडून काहून राहिली? नखच हाय ते, वाढते."

आतल्या खोलीत एक फोटो आहे. पुढे साहेब, मागे कपाशीत चार बाया. खाली नाव फक्त साहेबांचं. राखणदार म्हणाला, "या बाया कोन होत्या, आमाले मालूम नाही मॅडम. वळखीच्या वाटतात काय? नाव सांगसान तर खाली लिहून टाकू." त्या बायांतच उन्हाने डोळे बारीक केलेली, कपाळावर पदर ओढलेली तू. किती वर्षांनी तुझा चेहरा पाहत होते, आपल्या घरी तुझा एकही फोटो नाही. काचेवर हात ठेवावासा वाटला. पण बाजूला मैत्रिणी उभ्या होत्या, आणि नोकरीची सगळी वर्षं मी त्यांना सांगत आले होते की आई साहेबांच्या ऑफिसात होती.

"नाही," मी म्हणाले.

हे तुला लिहितेय खरं, पण पाठवणार कुठे? येताना एसटीत एक मैत्रीण सहज म्हणाली, "त्या फोटोतली एक बाई अगदी तुमच्यासारखी दिसत होती, नाही का?" मी हसून मान फिरवली. मला किती आनंद झाला होता, हे तिलासुद्धा सांगता आलं नाही.