फाटकावरच्या सिस्टर

१० नोव्हें., सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. माझ्या दुसरीत निम्मी बाकं रिकामी. डोंगराकडची पोरं आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर गेली, ती आता पावसाच्या तोंडावर परत. दरवर्षीचंच.

दरवर्षीचं नाही ते वेगळंच. आमच्या म्हाताऱ्या सिस्टर, सि. फिलोमिना, प्रार्थना सांगताना मध्येच थांबल्या. पोरांना पाठ होती, ती पुढे म्हणत गेली, म्हणून कोणाला कळलं नाही. मला कळलं. नंतर ऑफिसात मला म्हणाल्या, "हेमा, पाचवीचा वर्ग कुठे बसवलास?" आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवी बंद होऊन जमाना झाला. मी म्हटलं, बसवला हो कुठेतरी. त्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन भात करपवला.

१४ नोव्हें., शुक्र.
बालदिन. सि.नी चॉकलेटं वाटली, मग पुन्हा वाटली. पोरांची चंगळ. एकानेही सांगितलं नाही की मघाशी मिळालं. शहाणी आहेत.

मधल्या सुट्टीत धाकट्या सिस्टरने, जेसिंताने, दवाखान्याच्या खोलीत बोलावलं. कॉन्व्हेंटमध्ये या दोघीच राहतात, सि. आणि ही. ही झारखंडची, तिशीही नसेल, गोळ्या-मलमपट्टी बघते. "बाई, सिस्टर चाय पीती है, फिर बोलती है चाय नहीं मिली. मेरे को नया समझ के नाम पूछती है." तिला मोठ्या सिस्टरांना कळवायचं आहे. मोठ्या सिस्टर म्हणजे यांच्या सगळ्या कॉन्व्हेंटांच्या प्रमुख. त्यांचा शब्द शेवटचा.

मी म्हटलं, कळव. मग उद्या गाडी येईल आणि नाशिकच्या पुढे त्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात नेऊन ठेवतील. इथे त्या सिस्टर आहेत, तिथे पलंग नंबर अमुक. जेसिंता गळ्यातला क्रूस चाचपत राहिली. नाताळापर्यंत थांबते म्हणाली. तेवढं पुरे.

१७ नोव्हें., सोम.
कागदावर सि. कधीच्याच निवृत्त. पण सकाळची प्रार्थना त्यांची आणि साडेबाराला सुटताना फाटकावर उभं राहणं त्यांचं. कोणतं पोर कोणाच्या हातात द्यायचं, कोणतं बोईसरच्या रिक्षात, कोणतं दांडी बंदराच्या, सगळं तोंडपाठ. निम्म्या पोरांच्या आयाच त्यांच्या हाताखालून गेल्या. मलाही नोकरीला त्यांनीच लावलं. बी.एड. नाही, डी.एड.चा निकाल लागायचा होता, मासळीचा वास घेऊन मुलाखतीला गेले होते. म्हणाल्या, वास जातो, पोरांवर माया हवी.

आज फाटकावर प्रत्येकाला 'बाळा'. साहिल बाळा, रोशनी बाळा. नावं चालली.

२४ नोव्हें., सोम.
युक्ती सुचली. आठवडाभर पोरांना शिष्टाचार शिकवला. मोठं माणूस समोर आलं की हात जोडायचे, 'नमस्ते' म्हणायचं आणि आपलं पूर्ण नाव सांगायचं. पहिल्यांदा दुसरीला, मग चारही वर्गांना. आज फाटकावर रांग: "नमस्ते सिस्टर, मी साहिल धोदडे." "हो रे साहिल, मला माहीत नाही का तू?" चेहरा काय खुलला सि.चा. मला इतकं बरं वाटलं की दोन वडे जास्तीचे खाल्ले.

घरी ह्यांना सांगितलं. म्हणतात, "नवऱ्यासाठी कधी एवढं डोकं चालवलं नाहीस." म्हटलं, तुम्ही जेवल्याचं विसरायला लागेपर्यंत थांबा.

३ डिसें., बुध.
मोठ्या सिस्टर येऊन गेल्या. वर्षाची भेट. सि.ना मी क्षणभर एकटं सोडलं नाही. अडखळल्या की मी पुढचं वाक्य उचलायचं, असं दिवसभर. मोठ्या सिस्टर वर्गात आल्या तशी सगळी पोरं उठून एकेक: नमस्ते, मी अमकी तमकी. त्या तर खूशच. "किती आत्मविश्वास! हे आपल्या सगळ्या शाळांत सुरू करायला हवं." सि. अभिमानाने म्हणाल्या, "हेमाची कल्पना." खरंच सांगितलं त्यांनी. मी घाईने सगळ्यांना पुढच्या वर्गाकडे नेलं.

जाताना मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, फिलोमिनांना इथून हलवायचा विचार होता, वय झालं, पण या शाळेचा जीव त्यांच्यात आहे, राहू दे. मी मान डोलावली. जिंकलो आपण. जेसिंता मात्र माझ्याकडे न बघता आत गेली.

१२ डिसें., शुक्र.
नाताळचा गोठा तयार होतोय. भाताचा पेंढा माझ्या भावाकडचा, शंख-शिंपले पोरांनी आणलेले, भोवती डोंगराकडच्या दोन मुलींनी पांढऱ्या पिठाचा चौक काढला. माझ्या वर्गातली खुशी देवदूत. हिची आई मनीषा इथलीच, माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गातली. तेव्हा दांडीची कोळ्याची पोर, आता एमआयडीसीत काम करणाऱ्या उत्तर भारतीय मुलाशी लग्न करून बोईसरच्या चाळीत. माहेरी कोणी तोंड बघत नव्हतं, आता आईही गेली.

खुशी म्हणजे मनीषाची नक्कल. सि. तिला सारखं "मनीषा, पंख नीट धर" म्हणतात. खुशी फणकारते, "मनीषा माझी मम्मी हाय." सगळे हसतात. मीही.

१८ डिसें., गुरु.
आजचं सगळं लिहून ठेवते.

साडेबाराला शाळा सुटली. मी तापाच्या पोराला जेसिंताकडे घेऊन गेले होते. परत आले तर फाटक रिकामं, सगळं शांत. दीडला मनीषाचा फोन: "बाई, खुशी आली नाय. रिक्षावाला बोलतो सिस्टरनी सांगितलं ती गेली." सि.ना विचारलं. अगदी शांतपणे म्हणाल्या, "मनीषाला दांडीच्या रिक्षात बसवलं. रोजच्यासारखं."

दांडीचा रिक्षावाला नवा. त्याने इतर पोरांबरोबर हिलाही बंदरावर उतरवलं आणि गेला. मी दुसरी रिक्षा पकडून धावले. वाटेत टँकर, खाडी, उघडं गटार, काय काय दिसत होतं. येशूला, एकवीरेला, सगळ्यांना हाका मारल्या.

बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या सावलीत बसली होती. हातात भाकरी. बायका मासळी निवडत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, ही आमच्या मनीषाची पोर ना? नाक बघूनच वलखली. पण आजीच्या घराला तर कुलूप हाय, एकटी कशाला धाडली?"

खुशी रडली नाही. रिक्षात मांडीवर बसून म्हणाली, "मी सिस्टरना बोलले माझं घर बोईसरला. त्या बोलल्या खोटं बोलू नये." मग थोड्या वेळाने, "मी नाव पण सांगितलं बाई. नमस्ते करून, पूर्ण."

१९ डिसें., शुक्र.
मनीषा आणि तिचा नवरा आले. तो ऑफिसात उभाच: "मैडम, बच्ची कोई पार्सल है क्या? गलत गाड़ी में चढ़ा दिया?" मी माफी मागितली. काय सांगणार. निघताना व्हरांड्यात सि. भेटल्या. त्यांनी तिच्या गालावर थोपटलं. "मनीषा, आज उशीर केलास. वेणी कुठे सुटली?"

मनीषा जागच्या जागी उभी राहिली. मग माझ्याकडे वळली. "कधीपासून असं हाय?" मी सि.ना आत न्यायला लागले. "तुमाला ठाऊक होतं."
"होतं."
"मी कोणाला बोलणार नाय बाई. सिस्टरनी मला जेवू घातलंय. पण पोरगी इथे नाय ठेवणार."

शाळा सोडल्याचा दाखला मीच करून दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ डिसें., मंगळ.
फाटकावर आता मी. सि.ना ऑफिसात बसवते. काल विचारलं, "हेमा, माझं काय चुकलं?" थंडी आहे, तुम्ही आत बसा, म्हटलं. आज पुन्हा तेच, त्याच आवाजात. "माझं काय चुकलं ते तरी सांग." खुशीचं त्यांना काहीच आठवत नाही. सांगू तरी काय?

२५ डिसें., नाताळ
चर्चमधल्या मिस्सानंतर सि.नी पोरांना येशूजन्माची गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगतात तशी, पुस्तक न घेता. एक शब्द चुकला नाही. धर्मशाळेत जागा नाही म्हणणाऱ्या माणसाचा खेकसणारा आवाजसुद्धा तोच. माझी हिंदू पोरं, कातकऱ्यांची, सगळी तोंड उघडी टाकून. मी मागे उभी राहून रडले. इतकं सगळं जागेवर आहे. वाटलं, चुकलंच माझं, उगाच घाबरले, जानेवारीत फाटक त्यांना परत देऊ. जेसिंतानेही आज केक आणून दिला.

५ जाने., सोम.
मी ऑफिसात फोनवर होते तेवढ्यात सि. फाटकावर गेल्या. पहिलीतल्या आर्यनला घट्ट धरून ठेवलं. त्याची आई न्यायला आलेली, तिच्या हातात देईनात. "मी ओळखत नाही तुला. कोण तू? कोणाचंही पोर असं देता येत नाही." आई ओरडते, पोरगा किंचाळतो, लोक जमले, कोणी मोबाईल काढला. मी आणि जेसिंताने सि.ची बोटं एकेक करून सोडवली. पोराच्या मनगटावर वळ. सि.च्या डोळ्यांत नुसती भीती. पोरासाठीची भीती. त्या त्याला वाचवत होत्या.

जेसिंता म्हणाली, "बाई, आप करेंगी फोन या मैं करूँ?" मी केला. मोठ्या सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी पोरं नावं सांगत होती ती..." हो म्हटलं. "मला फसवायला सगळी शाळा उभी केलीत तुम्ही." फोन ठेवला.

मी केलं ते बरोबर केलं. असं दिवसभर स्वतःला सांगतेय, आणि जेवण जात नाही.

१२ जाने., सोम.
हुकूम आला. शुक्रवारी गाडी. जेसिंताने सकाळी सि.ना सांगितलं. फार रडल्या. "मी शाळेत काय वाईट केलं? कोणी सांगितलं त्यांना?" मी तिथेच उभी. दुपारी विसरल्या. मला म्हणतात, फेब्रुवारीत सहल मनोरच्या बाजूला नेऊ.

१४ जाने., बुध.
कपडे भरायचे म्हणून जेसिंता पुन्हा सांगते. पुन्हा तेवढंच रडणं, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. पुन्हा "कोणी सांगितलं?" मी म्हटलं, अगं नको सांगूस ना. ती म्हणते, "मैं झूठ नहीं बोल सकती, बाई." तू नाही बोलू शकत, ठीक आहे. मी बोलू शकते. पोरांनी तिळगूळ आणला होता. सि.नी प्रत्येकाला विचारलं, उद्या येणार ना शाळेत?

१६ जाने., शुक्र.
गेल्या.

पोरं वर्गातच ठेवली. गाडी व्हरांड्यापाशी. आत बसल्या, पण माझा हात सोडेनात. "हेमा, किती दिवसांसाठी नेतात मला?" ड्रायव्हर घड्याळ बघतोय, जेसिंता डोळे पुसतेय. मी म्हटलं, "सोमवारी मी येते न्यायला." "नक्की?" "नक्की. बॅग भरून तयार राहा." हात सोडला. ड्रायव्हरला म्हणाल्या, चला, मग उशीर नको.

मनोरपर्यंत पोचायच्या आत विसरतील, असा हिशेब. सगळं विसरतात, हेही विसरतील. दुसरा मार्ग नव्हता. नंतरचा गणिताचा तास नीट घेतला मी. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१९ जाने., सोम.
अकराला नाशिकहून फोन. तिथली कोणी सिस्टर. "तुम्ही हेमा का? फिलोमिना सकाळपासून दारात बसल्यात, बॅग घेऊन. नाश्ता केला नाही. आम्ही कोण ते त्यांना कळत नाही, कुठे आहेत ते कळत नाही. पण आज सोमवार आहे आणि हेमा येणार, एवढंच सांगतात. कोणी येणार आहे का?"

बघते म्हटलं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, एक दिवस जाऊन ये, मीही येतो. जाऊन काय करू? आणायचं कुठे? निघताना पुन्हा हात धरतील, तेव्हा कोणता वार सांगू? ह्यांनी चहा करून दिला, तसाच निवला.

संध्याकाळी पुन्हा वाजला. तोच नंबर. हे म्हणाले, उचल. मी मोबाईलकडे बघत राहिले. वाजून वाजून थांबला. आता पुन्हा वाजतोय.