पित्ताची छत्री

३ फेब्रुवारी
जन्मभर मटणाचं दुकान चालवलं. पित्ताची पिशवी जपून काढायची आणि फेकून द्यायची, एवढंच मला ठाऊक. फुटली तर अख्खी कलेजी कडू! आणि आमच्या सूनबाईची डॉक्टरेट नेमकी त्या पित्तावर. आज जेवताना विचारलंच — त्यात शिकण्यासारखं असतं तरी काय?

तिने ताट बाजूला सारून सांगितलं. पित्तातल्या आम्लाच्या रेणूला दोन अंगं. एकाला पाणी मानवतं, दुसऱ्याला चरबी. आपल्या पेशीभोवती चरबीचा पातळ पापुद्रा असतो, कित्येक औषधं त्याच्या बाहेरच अडकतात. म्हणून ती असे दोन रेणू जोडते आणि मधे औषध धरते. पाण्यात असताना पाण्याचं अंग बाहेर. पापुद्र्यात शिरलं की चरबीचं अंग बाहेर — वाऱ्याने छत्री उलटावी तसं. औषध अलगद पार.

म्हटलं, म्हणजे चोरटी आयातच की! खूप हसली.

१९ मार्च
प्रयोगशाळेत तिने छत्री घातलेल्या पेशी मेल्या. सगळ्या. पित्त शेवटी साबणाच्या जातीचं. पापुद्र्यातून वाट काढायची सोडून त्याने पापुद्राच फाडला. सूनबाई जेवली नाही. नवऱ्याशी बोल, बरं वाटेल, म्हटलं. तो परगावी नोकरीला. "कामात असेल," म्हणाली आणि भांडी घासायला घेतली.

२० मार्च
तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, विषय बदल. हिने साफ नकार दिला. बाणेदार आहे पोरगी!

६ मे
आज मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. दोन रेणूंमधला सांधा तिने बदललाय, आता ते पापुद्रा फाडत नाहीत. सूक्ष्मदर्शकात आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. ती म्हणाली, डोळा जरा मागे घ्या.

पहिल्या बशीत नुसतं औषध, छत्रीशिवाय. मिट्ट काळोख. मग तिची बशी ठेवली — आणि पेशी पोटातून हिरव्या उजळलेल्या! दोन्हीकडे औषधाला चमकणारा रंग जोडला होता म्हणे, आणि पेशीबाहेर अडकलेलं आधीच धुऊन टाकलं होतं. मेल्या नाहीत ना, मी विचारलं. "जिवंत आहेत, बाबा." मी तिथल्या शिपायालाही बोलावून दाखवलं.

२४ ऑक्टोबर
डॉक्टर झाली!! तोंडी परीक्षेला इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसलो. एक परीक्षक फारच हटून बसले होते. हिने शांतपणे एकेक उत्तर दिलं, शेवटी तेच मान डोलवायला लागले. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण जातंय की काय! येताना न्हावी, शिंपी, वाटेत भेटेल त्याला सांगत आलो.

चिरंजीव मात्र फिरकले नाहीत. उद्या बघतो त्याच्याकडे.

२५ ऑक्टोबर
फोन करून मुलाला झापलं. तो म्हणाला, "बाबा, आमचं गेल्या वर्षीच मोडलं. तुम्ही एकटे पडाल म्हणून ती तिथे राहिली. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं तिला."

आणि मी समजत होतो, मी तिला सांभाळतोय.

ती घरी आल्यावर म्हटलं, मला सगळं कळलंय. तुला हवं तिथे जा, पोरी. माझ्यासाठी म्हणून अडकून राहू नकोस.

तिने चपला काढल्या. पंख्याखाली बसली.

"ते मी ठरवीन, बाबा."