कातळाखालच्या मळ्यातला माझा हिस्सा

रत्नागिरी, १२ नोव्हेंबर २०२४

विनीत, अपूर्वा, कित्येक महिन्यांत तुम्हाला माझ्या प्रकृतीचे काही कळवले नाही, क्षमा करा. आजारपणाबद्दल लिहावेसे वाटले नाही.

मी, सुनेत्रा गोपाळकृष्ण ओगले, वय ४७, अविवाहित, कृषी पदवीधर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते आहे. औषधांनी गुंगी येते, म्हणून सकाळीच बसले आहे.

१. रत्नागिरीतील फ्लॅट आणि बँकेतील शिल्लक भाची अपूर्वा हिला. तिने फ्लॅट विकला तरी हरकत नाही.

२. माती काढायचे गिरमिट आणि पुस्तके कृषी महाविद्यालयाला. नको म्हणाले तर भंगारात द्यावीत.

३. लांज्याजवळचा कातळाखालचा मळा. सातबाऱ्यावर भाऊ विनीत आणि मी, निम्मे-निम्मे. वाटप झालेले नाही. तिथे गोदा मांडवकर भात करते, तिच्या आधी तिची सासू करायची. बाबांची अट तोंडी होती: भात, नाचणी, कुळीथ कर, झाड लावायचे नाही. झाड लावले की लावणाऱ्याचा हक्क लागतो, असे गाव मानते.

हीच अट मला दक्षिण टांझानियात भेटली. तिथे मी एका प्रकल्पात काजू लागवड शिकवत होते. मामा झुहुरा (तिथे बाईमाणसाला 'मामा' म्हणतात) ही विधवा दिराच्या जमिनीत कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, लावी. काजू लावायची तिला मुभा नव्हती, पण गावच्या वडीलधाऱ्यांच्या शब्दामुळे तिला कोणी हलवतही नव्हते. मग जमिनींची नोंदणी आली, कागदावर दिराचे नाव लागले, आणि तिच्या कसाव्याच्या जागी काजूच्या रांगा उभ्या राहिल्या. प्रकल्पाच्या अहवालात ती प्रगती ठरली.

माझा निम्मा हिस्सा मी गोदाला देते.

विनीतने सगळा मळा विकायचे बोलणे केले आहे. फोनवर म्हणाला, "जन्मभर आफ्रिकेतल्या लोकांच्या जमिनी बघितल्यास. आपली बघायला मीच होतो ना?" हे खरे आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

गोदाला सांगायला गेले तेव्हा ती भात झोडत होती. थांबली नाही. "ताई, माज्या नावार नको. तू जाशील, मना हयसरच ऱ्हवायचा हाय."

"विनीत तुला काढेल, गोदा."

"आता इचारून काढील. नाव लागला तर कोर्टात वडून काढील."

तिचे बरोबर असेल. वाटप विनीतच्या सहीशिवाय होत नाही, आणि कोर्टात जाण्याएवढे आयुष्य माझ्याकडे नाही. मी तिला जमीन देते आहे की भांडण, हे मला ठरवता येत नाही. नाही दिला तर माझ्यामागे हिस्सा विनीतकडे जाऊन मळा जाणार. दिला तरी बहुधा जाणारच.

४. माझे दिवस करू नयेत. विनीतला करावेसे वाटले तर त्याला कोणी अडवू नये.

लिहून देणार: सुनेत्रा गोपाळकृष्ण ओगले (सही बाकी)
साक्षीदार: डॉ. वैदेही पटवर्धन, सलिल जोगळेकर, शेजारी (दोघांच्या सह्या बाकी)

उद्या: सह्या होण्याआधी गोदाला कलम तीन वाचून दाखवायचे, पुन्हा नको म्हणाली तर खोडायचे.