एका पट्टीवर चार शिपाई

६ ऑगस्ट १९७८, रविवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. काम असे: १८१७ ची सीताबर्डीची लढाई येत्या २६ नोव्हेंबरला माझ्या बैठकीच्या खोलीत पुन्हा लढायची. तारीख तीच, आणि यंदा रविवारही आहे. म्हणजे रजा टाकावी लागणार नाही.

इंग्रज टेकडीवर, भोसल्यांची फौज खाली. मी भोसले. कृष्णकांत इंग्रज, कारण दुसरे कोणी इंग्रज व्हायला तयार नाही. कृष्णकांत माझा जुना विद्यार्थी, आता टेलिफोन खात्यात. भंगारातले शिसे वितळवून, प्लास्टरच्या साच्यात ओतून त्याने दीड वर्षात एकशे अठ्ठावीस शिपाई केले. एकेक इंचभर उंचीचा. रंगवलेही त्यानेच. सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्या त्यानेच केल्या, गोणपाट आणि प्लास्टरच्या. डोक्याचे काम माझ्याकडे आहे.

८ ऑगस्ट.
नियमांची पुस्तिका पुन्हा वाचली. सदर भागात एका इंजिनियरच्या सामानाच्या लिलावात मिळाली होती. फाशाचे, फूटपट्टीने मोजून पुढे सरकण्याचे सगळे नियम आहेत. चार-चार शिपाई एका लाकडी पट्टीवर चिकटवायचे, ती पट्टी म्हणजे ‘बेस’. पट्टी सरकवली की तुकडी सरकते. पट्टी किती रुंद घ्यावी, त्यासाठी ‘पान अकरा पाहा’. पान अकरा नाही. कोणी तरी फाडले आहे.

कृष्णकांतला सांगितले, काळजी नको, माप मी ठरवतो. इतिहास शिकवतो त्याला बावीस वर्षे झाली. एक पट्टी ठरवता येणार नाही?

१३ ऑगस्ट.
दोन इंच.

१४ ऑगस्ट.
दीड इंच. दोन इंचात शिपाई फार ऐसपैस उभे राहतात, लग्नाच्या मांडवात उभे असल्यासारखे.

१५ ऑगस्ट. झेंडावंदनाहून आल्यावर.
दोन इंच. पण फक्त इंग्रजांना अडीच. त्यांची कवायत शिस्तीची, अंतर राखून. लहान टेकडीचा माथा नऊ इंच आहे. अडीच इंची पट्ट्या तिथे तीनच मावतात, हे नंतर लक्षात आले. निव्वळ योगायोग. माझा उद्देश ऐतिहासिक होता.

कृष्णकांत म्हणाला, “सर, मंग इंग्रज टेकडीवर चढतीलच कसे?” त्याने हसून म्हटले, पण माझे कान गरम झाले. सगळ्यांना दोन इंच. विषय संपला.

२० ऑगस्ट, रविवार.
कवडू सुताराकडे ऑर्डर दिली. मूर्तिकारांच्या चितार ओळीच्या तोंडाशी त्याचे दुकान आहे. तान्ह्या पोळ्याला पोरे दोरीने ओढतात त्या लाकडी बैलांचा सीझन, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तरी मी उभा राहून नीट समजावले. बत्तीस पट्ट्या, दोन इंच बाय एक इंच. “यांच्यावर माणसं उभी राहणार. टेबलावर सरळ सरकल्या पाहिजेत, अडकता कामा नये,” असे दोनदा बजावले. तो म्हणाला, “समजलं मले, सर.”

कारागिराला नीट सांगितले की काम नीट होते. लोक सांगतच नाहीत.

५ सप्टेंबर.
पट्ट्या आल्या. चाके लावून.

बत्तीस पट्ट्या, एकशे अठ्ठावीस चाके. सगळ्या पिवळ्या रंगवलेल्या, वर लाल ठिपके, पुढे दोरी बांधायला खिळा. कवडूचे म्हणणे, “सरकले पायजेत म्हटलं ना तुम्ही? मंग चाकं नाही तं सरकतील कसे? बैल काय उचलून नेतात का?”

त्याच्याशी वाद घातला नाही. घरी येऊन म्हणालो, चाके मीच सांगितली होती, हालचाल वेगवान होते. बायको, पुष्पलता, कपडे वाळत घालता घालता थांबली आणि पुन्हा घालू लागली.

संध्याकाळी कृष्णकांतने इंग्रजांची पलटण म्हणून एक रिकामी पट्टी टेकडीवर ठेवली. ती घरंगळत खाली आली आणि थेट दिवाणाखाली गेली. मी म्हणालो, भोसल्यांचा पहिला विजय. तो हसला. मग मुकाट्याने पक्कड मागून घेतली आणि चाके काढू लागला. सगळी चाके निघेपर्यंत मी त्याला लढाईचे महत्त्व सांगत बसलो. आता लिहिताना बरे वाटत नाही. एखादे चाक मीही काढायला हवे होते.

२४ सप्टेंबर.
कृष्णकांतची बदली. नांदेड. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचे. म्हणजे लढाई पुढे ढकलता येत नाही. ढकलण्याचा माझा विचार होता असे नाही.

आणखी एक. त्याचे वडील दादाजी काटोलहून येणार आहेत लढाई पाहायला. संत्र्याची बाग आहे त्यांची. बागेत पाय न ठेवता शिसे वितळवत बसणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला, असे त्यांचे मत. त्यांनी आजवर एकही शिपाई हातात घेतलेला नाही. कृष्णकांत मान खाली घालून म्हणाला, “एकडाव त्यांनी पाह्यलं पायजे, सर. बस.” मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणालो, मी आहे ना.

११ ऑक्टोबर. दसरा.
मुहूर्तावर शिपाई चिकटवले. दोन इंच, कायम. कृष्णकांतचे म्हणणे होते की मेण लावू, मंग पाहिजे तेव्हा काढता येते. मी साफ नाही म्हणालो. मेण लावतो तो डळमळीत मनाचा माणूस. दोन ट्यूबा कालवून लावायचा पक्का डिंक आणला. घण घातला तरी सुटणार नाही, असे दुकानदाराने सांगितले.

निर्णय असा घ्यावा.

१९ नोव्हेंबर, रविवार.
तालीम. दोन शाळेची बाके, वर प्लायवुड, वर हिरवी चादर. हरलो.

कारण उघड आहे. टेकडीकडे जाणारी वाट सात इंच. माझ्या दोन इंची पट्ट्या एका वेळी तीनच जातात. बाकीचे भोसले मागे रांग लावून उभे. इंग्रज वरून आरामात गोळ्या घालतात. सव्वा इंची पट्ट्या असत्या तर पाच शिरले असते! कृष्णकांतला म्हणालो, तुझे फासे चांगले पडले. तो म्हणाला, खरं हाये सर. मनाचा मोठा आहे. मला त्याचा राग आला, हे लिहून ठेवतो.

२३ नोव्हेंबर.
खूप विचार केला. भोसल्यांचे अरब शिपाई खांद्याला खांदा लावून लढत असणार. पुराव्याची गरज नाही, डोळ्यांसमोर दिसते. तेव्हा भोसल्यांना सव्वा इंच. केवळ सत्यासाठी. कवडूकडून सोळा नव्या पट्ट्या करून आणल्या. बिनचाकाच्या, असे लिहून दिले होते.

कृष्णकांतला सांगितलेले नाही. त्याला बदलीची बांधाबांध आहे, उगाच कशाला त्रास.

सहामाहीचे पेपर अजून तपासायचे आहेत. हेडमास्तर आज बोलले. त्यांना इतिहासाची दृष्टी नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी अडीच.
शाळा अर्धी. घरात एकटा. पुष्पलता भजनाला. शिपाई पट्टीवरून काढायला बसलो आहे. स्वयंपाकघरातली सुरी घेतली आहे.

पावणेतीन.
पहिला घोट्यातून तुटला. पाय पट्टीवरच राहिले. तो एक नरम असणार.

तीन.
चार तुटले. सुरी तापवून पाहतो.

साडेतीन.
तापवून उपयोग नाही. रंग जळतो. आतापर्यंत बावीस. पण आता मधेच थांबलो तर अर्धे दोन इंचावर आणि अर्धे कुठेच नाहीत, असे होईल. पुढे जाणे भाग आहे.

पाच.
चौसष्टपैकी एकोणसाठ. पाच जण पायांसकट निघाले. पट्ट्यांवर बुटांच्या जोड्या ओळीने उभ्या आहेत. एकेका बुटाला कृष्णकांतने काळी चकाकी दिली होती, ती आज पहिल्यांदा पाहिली.

पुष्पलता आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, “काहून केलं हे?” मी म्हणालो, माप चुकत होते. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता त्याच्याकडे जा, खरं सांगून ये, रात्रीतून काही तरी करेल तो. मी म्हणालो, चहा घेऊन जातो.

गेलो नाही. उद्या सकाळी तो येईल तेव्हा वडिलांच्या आधी गाठून एकट्याला सांगेन. तेच बरे. समोरासमोर.

२६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी दोन.
लिहावेसे वाटत नाही. पण नोंद राहिली पाहिजे असे मीच म्हटले होते.

दोघे एकत्रच आले. त्याने वडिलांना स्टँडवरून परस्पर इकडे आणले. दादाजींनी धुवट धोतर, काळा कोट घातला होता. संत्र्यांची पिशवी पुष्पलतेच्या हातात दिली. तुटलेल्यांवर मी टॉवेल टाकून ठेवला होता. दादाजी आधी इंग्रजांकडे गेले. एक पट्टी उचलली, चष्मा पुसला, खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, “बटनं बी काढले का गा?”

कृष्णकांत म्हणाला, “हो, बाबा.”

“पाच-पाच?”

“सहा हायेत. एक कमरपट्ट्याखाली हाये.”

दादाजींनी पट्टी डोळ्याशी आणखी जवळ नेली. कृष्णकांतचा चेहरा मला इतकी वर्षे माहीत आहे. तसा कधी पाहिला नव्हता.

मग दादाजी म्हणाले, “अन् आपले कुठी हायेत?” आणि त्यांनीच टॉवेल उचलला.

दादाजींनी विचारले, “हे काय झालं?” कृष्णकांतला विचारले, मला नाही. पण उत्तर मी दिले. म्हणालो, ओतकाम घोट्यापाशी जरा कच्चे राहिले असावे. हे शब्द मी ठरवून बोललो नाही. ते तोंडात तयार होते.

सुरी टेबलावरच होती. पात्याला हिरवा रंग लागलेला, भोसल्यांच्या अंगरख्यांचा. कृष्णकांतने सुरीकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. मग वडिलांना म्हणाला, “हो बाबा. कच्चं राह्यलं असन.”

दादाजींनी हातातली पट्टी खाली ठेवली. “तुह्यं कोणतं काम पक्कं असते?” एवढेच बोलले. रागाने नाही. जुने मत होते तिथे परत गेले.

लढाई झाली नाही. एकच्या गाडीने दादाजी काटोलला गेले. जेवून जा म्हटले, थांबले नाहीत. पुष्पलता माझ्याशी बोलत नाही. मला माझी लाज वाटते. याला दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

२७ नोव्हेंबर.
शाळेत सहावीला सीताबर्डीचाच धडा होता. गटवार चर्चा दिली आणि बसून राहिलो.

तसे पाहिले तर घोट्याची जाडी थोडी कमीच होती. शिशाचा तो गुणच आहे.

नाही. खोडून टाकतो. शाई वाळली, खोडता येत नाही.

२८ नोव्हेंबर.
ठरवले. शुक्रवारी तो जाईल तेव्हा स्टँडवर माफी मागायची. स्वच्छ शब्दांत. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले.

१ डिसेंबर, शुक्रवार.
एस.टी. स्टँड. नांदेडची गाडी पाऊण तास उशिरा, म्हणजे माफी मागायला पाऊण तास होता. त्याची ट्रंक टपावर चढवायला मदत केली. चहा पाजला. तो नांदेडच्या क्वार्टरबद्दल सांगत होता, पाणी दिवसाआड येते म्हणे. गाडी लागली. तो खिडकीत बसला. मी खिडकीचा गज धरला आणि म्हणालो, “कृष्णकांत, पुढच्या वेळी दीड इंच ठेवू.”

तो म्हणाला, “ठेवा, सर.”

गाडी गेली. मी काय बोललो ते कळून उभा राहिलो. मागून एकाने विचारले, अमरावतीची गाडी हीच का? म्हणालो, हो. ती भंडाऱ्याची होती.

३ डिसेंबर, रविवार. सकाळी दहा.
कृष्णकांतला नाही, दादाजींना लिहायचे. खरे तर त्यांनाच लिहायला हवे. पोस्टकार्ड आणले.

साडेदहा.
पोस्टकार्ड लहान पडते. चिकटवण्यापासून सांगावे लागेल, डिंक पक्का का घेतला, वाट सात इंचच का होती. शिवाय पोस्टमन वाचतो. अंतर्देशीय पत्र आणले.

साडेअकरा.
अंतर्देशीय फार मोठे. एवढे सगळे लिहिले तर सबबी सांगतो आहे असे वाटेल. आणि थोडे लिहिले तर खाली कोरे राहते, ते बरे दिसत नाही. साधा कागद, पाकिटात, हे मधले माप होईल. पण पाकीट पाहून काटोलला घाबरतील, कोणी गेले की काय म्हणून.

बारा.
पुष्पलता आठ दिवसांनी बोलली. कणीक मळता मळता म्हणाली, “चार शब्दांचं काम हाये. त्याले कागद कोणताबी चालते.”

चार शब्द मोजून पाहिले. चूक माझी होती, दादाजी. बरोबर चार होतात. पोस्टकार्डावर आरामात मावतात, खाली जागाही उरते.

संध्याकाळी सहा.
पत्ता लिहून झाला आहे.