लोखंडी चक्कीचा दांडा

अण्णा, काल नातीनं मला कॉफीच्या चक्क्या दाखवल्या, मोबाइलवर. ती बंगळूरला नोकरीला आहे. सुट्टीला लातूरला आली ती अख्ख्या बियांची पिशवी घेऊनच. विजेवरची घेऊ का हातानं फिरवायची, दात पोलादाचे बरे का चिनी मातीचे, असं आपलं स्वतःशीच चाललं होतं तिचं. आजीला काय कळतंय यातलं! मी म्हटलं, दात कशाचे का असेनात, आधी मधला आस, दात ज्यावर फिरतात तो, हलतो का ते बघ. आस हलला की निम्मी पूड पिठासारखी पडती अन् निम्मी भरड. पिठाचा कडूपणा उतरतो अन् भरडीचं नुसतं रंगीत पाणी. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. "आजी, हे तुला कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव घेतलं नाही. आज ती मैत्रिणीकडे गेलीय, घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. पंच्याऐंशी पार केली मी, आता तरी तुम्हाला तोंडावर सांगायला कुणाची भीती आहे?

तुम्ही नांदेडच्या अदालतीत पेशकार होतात, न्यायाधीशापुढं कागद मांडणारे. राज्य निजामाचं, कागद सगळा उर्दूत, अन् तुम्हाला तुमच्या उर्दू अक्षराचा कोण गर्व! मी सातवीत होते त्या साली नवे न्यायाधीश, मुन्सिफसाहेब आले, म्हैसूरकडचे. ते चहाला शिवत नाहीत, घरी बिया भाजून कॉफी करवून घेतात, ही बातमी तुम्ही घरात आणलीत तेव्हा तुमचा चेहरा असा फुलला होता की आईला वाटलं बढतीच मिळाली. जुम्म्याच्या सुट्टीला साहेबांना घरी बोलवायचं अन् त्यांच्या मुलखासारखी कॉफी पाजायची, हे तुम्ही अंगरखा काढायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आई म्हणाली, मला नाही जमायचं हे कडू सोंग. म्हणून ते माझ्या गळ्यात आलं. पहिल्या खेपेला तुम्ही काय केलंत, आठवतंय? फोडणीच्या कढईत बिया भाजायला लावल्यात अन् घरच्या जात्यावर दळायला बसवलंत. "जातं ते जातं, जोंधळा काय अन् कॉफी काय!" पेल्यात जोंधळ्याच्या पिठाची पेज उतरली, वर तेलाचा तवंग. तुम्ही एक घोट घेतलात, अंगणात थुंकलात अन् माझ्या पाठीत धपाटा घातलात. जातं तुम्ही सांगितलं होतं, अण्णा. धपाटा मी खाल्ला.

त्याच आठवड्यात शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या. मी सातवीत पहिली आले होते. बाई तुम्हाला म्हणाल्या, हैदराबादला मुलींची मोठी शाळा आहे, राहायची सोय आहे, फक्त एखाद्या बड्या अंमलदाराची सिफारस लागती. पोरगी इथंच ठेवलीत तर हातची घालवाल. मी दाराआड उभी आहे, हातात पाण्याचा तांब्या, अन् पाणी न्यायचं विसरून ऐकते आहे. बाई गेल्यावर तुम्ही मला पुढ्यात बसवलंत. "हे बघ, साहेबांची चिठ्ठी काय अशीच मिळती का? कॉफी जमव तू. साहेब खूष झाले की मी चिठ्ठी मागतो." तुम्ही हे म्हणालात. आई साक्षीला होती.

मग मी काय हात आखडता घेणार! शाळा सुटली की रोज साहेबांच्या बंगल्याच्या मागल्या दारी जायची. तिथली स्वयंपाकीण कानडी मुलखातली म्हातारी, तिला सगळे अम्मा म्हणायचे. मराठीचे तिला चार शब्द येत होते, पण हात बोलायचे तिचे. भाजायला जाड बुडाची कोरी कढई, तिच्यात दुसरं काही कधी तळायचं नाही. बिया तडतडायला लागल्या की "निधान, निधान," म्हणजे हळू. विटकरी रंग आला की लगेच सुपात ओतायच्या, नाहीतर कढईच्या धगीनं त्या आतून जळत राहतात. सालपटं पाखडून उडवायची. पूड दाबायची नाही, पाणी घाई न करता वरून सोडायचं, अन् ठिबकेपर्यंत गप बसायचं. हे गप बसणं मला सगळ्यांत अवघड गेलं.

नंतर आपण दोघं सामान घ्यायला बाजारात गेलो. तुम्ही दुकानात शिरल्या शिरल्या पितळेची चकचकीत चक्की उचललीत. मी तिचा दांडा फिरवून बघितला तर आस लटलट हलत होता. कोपऱ्यात एक काळी लोखंडी चक्की पडली होती, दिसायला अगदी दळभद्री, पण फिरवली तर दात दाताला नेमका लागत होता. दुकानदार बोहरी, तो हसून म्हणाला, "बेटी को सब मालूम है, पंडितजी." तसंच गाळणीच्या भांड्याचं. दोन मजली पितळी भांडं, वरच्याच्या बुडाला भोकं. मी एकेक उन्हाला धरून भोकं बघितली, आतून बोट फिरवून कल्हई बघितली, अन् चौथं पसंत केलं. तुम्ही दुकानदाराला काय म्हणालात? "लई हुशार हाय पोरगी. हिला हैदराबादला शिकायला पाठवून राहिलो." भर बाजारात म्हणालात. त्या दिवशी घरी येताना चक्की माझ्या डोक्यावर होती अन् मान अवघडली तरी मला काही वाटलं नाही.

साहेब आले तो जुम्मा मला तासातासानं आठवतो. खुर्ची शेजारच्यांची मागून आणलेली. मी पहाटे न्हाऊन बिया भाजल्या, पूड केली, दूध वेगळं आटवलं. साहेबांनी पहिला घोट घेतला अन् पेला रिकामा करूनच खाली ठेवला. मग दुसरा पेला मागितला. म्हणाले, पेशकार, माझ्या आईच्या हातची आठवण झाली, बोला, तुमच्यासाठी काय करू? मी आत दुसरा पेला भरत होते. दार अर्धं उघडं. तुम्ही हात जोडून म्हणालात, "हुजूर, थोरल्याला अदालतीत नकला उतरवायला, नकलनवीस म्हणून चिकटवून घ्या." थोरला! हिशेबात दोनदा नापास झालेला, दुपारपर्यंत लोळत पडणारा माझा भाऊ! साहेबांनीच विचारलं, आणि मुलगी? शाळेतल्या बाई म्हणतात फार हुशार आहे. तुम्ही हसलात. "तिचं काय हुजूर, तिचं लातूरला जमवून राहिलो." माझं लग्न मला असं कळलं, दुसऱ्या पेल्याबरोबर. मी तो पेला बाहेर आणून ठेवला. थेंब सांडला नाही. सांडायला पाहिजे होता, तुमच्या धोतरावर, उकळता.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, माझी चिठ्ठी?" तुम्ही पान लावत होतात. "चिठ्ठीनं काय चूल पेटती का? इतकी फर्मास कॉफी जमती तुला, सासरचे डोक्यावर घेतील." एवढंच बोललात अन् चुना लावायला लागलात. बाईंना तोंड दाखवायला नको म्हणून मी बाजाराला जाताना शाळेचा रस्ता सोडून घाटाच्या बाजूनं फिरून जायला लागले. महिन्याभरात लग्न. सासरी दाखवायला रुखवतात तुम्ही ती चक्की, ती कढई अन् ते पितळी भांडं मांडलंत, अन् आल्या-गेल्याला सांगत होतात की लेकीला आम्ही काही कमी केलं नाही. लातुरात आमच्या घरी कुणी कॉफीचं नाव ऐकलेलं नव्हतं. सासूबाईंना वाटलं शेवया करायचं यंत्र आहे.

पण एक तुमच्या ध्यानात आलं नाही. सामान सगळं माझ्याबरोबर गेलं, अन् तोवर कॉफीची चटक तुम्हाला लागली होती. वर्षभरात साहेबांचा तबादला झाला. नांदेडात तुम्हाला कॉफी पाजणारं कुणी उरलं नाही. मग तुमची लातूरची कामं एकाएकी वाढली. मोटारीनं यायचात, हातात पाण्याचा स्वतःचा तांब्या, धडप्यात आईनं बांधून दिलेली भाकरी. कारण नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज, अन् रिवाजाला तुम्ही फार पक्के.

मीही पक्की झाले. बिया मी तुमच्या जावयाकडून मागवून ठेवायची. तुम्ही ओसरीवर टेकलात की मी कढई चुलीवर ठेवायची. आधी ठेवायची नाही, बरं का, तुम्ही आल्यावरच. वास सगळ्या घरभर. तुम्ही नाक वर करायचात. मग चक्की घेऊन मी तुमच्यासमोरच दळायला बसायची, सावकाश. तुमच्या जावयाला पेला द्यायची, दिराला द्यायची, अन् तुमच्या पुढ्यात बसून मी स्वतः दोन पेले प्यायची. तिसऱ्या खेपेला तुमच्यानं राहवलं नाही. "कॉफी काय अन्न हाय का गं? औषधच हाय ते एक." मी म्हणाले, "नको अण्णा, शास्त्रात पाणीसुद्धा चालत नाही. तुम्हीच सांगितलंत ना लग्नात?" तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. पाच वर्षं मला मूल झालं नाही, सासूबाईंनी नवस बोलून बोलून देव दमवले, अन् मला मात्र त्या पाच वर्षांतला तुमचा एकेक फेरा गोड लागला. वांझ म्हणायचे लोक मला. म्हणू देत, तुम्ही तर तहानलेले होतात.

मग मुलगा झाला. तुम्ही बारशाला आलात ते हैदराबादहून मागवलेल्या बियांची पुडी घेऊन. नातवाच्या हातावर चांदीचं कडं चढवलंत अन् हात धुऊन पाटावर बसलात. "आता मी मोकळा. आण." मी म्हणाले, चक्कीचा दांडा मोडलाय. अन् तुमच्यापुढं चहा ठेवला. दांडा मोडला नव्हता. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी दिसलात तेव्हा मी तो काढून जोंधळ्याच्या कणगीत खुपसला होता. तुम्ही चहा प्यायलात. बिनदांड्याची चक्की मांडीवर घेतलीत, आस कितीसा जाड आहे ते सुताच्या दोऱ्यानं मापलंत, दोऱ्याला गाठ मारलीत अन् म्हणालात, "नांदेडच्या लोहाराकडून करून आणतो पुढच्या खेपेला." गाठ दोनदा सुटली होती तुमची. मला दिसत होतं. मी उठले नाही.

पुढची खेप झालीच नाही. पंधरा दिवसांत तार आली. तेराव्याला गेले तेव्हा नकलनवीस भावानं सांगितलं की शेवटचे दोन दिवस अण्णा कॉफी मागत होते, अन् घरात कुणाला करता येत नव्हती. सगळे रडायला लागले. मीही डोळ्याला पदर लावला, कारण लावावा लागतो. वाईट वाटलं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. बरं वाटलं मला, अण्णा. लई बरं वाटलं. चिठ्ठीसाठी मी जेवढी थांबले होते, तेवढे तुम्ही एका पेल्यासाठी थांबलात, असं वाटलं. ते काही बरोबरीचं नाही, तुमचे दोन दिवस अन् माझा जन्म, पण तेवढंच माझ्या हातात होतं.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, नातीच्या हाती लागलं तर तिला मी दुष्ट वाटेन. दांडा खरंच मोडला होता का, हे आईनंही शेवटपर्यंत मला विचारलं नव्हतं, मग नातीला काय सांगायचं! फक्त एक तुम्हाला माहीत नाही ते सांगते. तुम्हाला वाटायचं पोरीला कॉफीचं वेड आहे, तुमच्यासारखंच. सगळ्यांना सांगायचात तसं. मला कॉफी कधीच आवडली नाही, अण्णा. तुमच्यासमोर ते दोन दोन पेले मी औषधासारखे गिळायची. मला शाळा आवडायची.