चिखलराक्षसाची सहावी आवृत्ती

३ मार्च, रविवार.
आमच्या खेळाच्या नियमपुस्तकाची सहावी आवृत्ती आली. मेहुण्याने आणली. ओकारी यायची तेवढी बाकी होती. वीस वर्षं दर रविवारी या टेबलावर मी गोष्ट सांगत राक्षस सोडतो आणि बाकीचे फासे टाकून लढतात, मरतात. आणि माझा लाडका चिखलराक्षस? पहिल्या आवृत्तीत त्याने नुसता हात लावला की खेळाडू एका झटक्यात दहा वर्षांनी म्हातारा. कायमचा. आता म्हणे 'सकाळपर्यंत उदास वाटते'. चित्रात तर दात घासल्यासारखा दिसतो. शी. संकल्प : या पुस्तकाला शिवणार नाही.

५ मार्च.
शिवलो. शत्रूच्या चुका माहीत हव्यात. एक्केचाळीस सापडल्या. पान ८८ वर चिखलराक्षसाला आई आहे. त्याला आई कशाला हवी?

१० मार्च, रविवार.
बजावलं, माझ्या टेबलावर पहिली आवृत्तीच चालेल. आमच्यात खेळणारा दाताचा डॉक्टर म्हणाला, दर रविवारी म्हातारं व्हायचा त्याला वीट आलाय. मेहुण्याने मान डोलावली. सख्खा मेहुणा. कन्येने नवं पुस्तक उचललं, म्हणाली, तिच्या खोलीत ती चालवेल खेळ. सगळे उठून गेले. चहाचा थर्मासही नेला. जाऊ देत. दोन रविवारांत नाक घासत येतील.

१७ मार्च, रविवार.
आले नाहीत. भिंतीपलीकडून हसणं. राक्षसासमोर हसतात, किळस आली. दाराला कान लावला, फक्त चुका मोजायला. हिने विचारलं, काही हरवलंय का. नाही म्हणालो.

२४ मार्च, रविवार.
एकटाच खेळलो. राक्षस मीच, मरणारा मीच. दोघंही कंटाळले. खरं सांगायचं तर रडू आलं. धुळीची अ‍ॅलर्जी असावी.

३१ मार्च, रविवार. दुपारी ४.
आता पुरावाच. पहिली आवृत्ती घेऊन कन्येच्या खोलीत शिरलो, म्हटलं, वाच मोठ्याने. तिने वाचलं. छापलेलं एवढंच : 'चिखलराक्षस. स्पर्श झाल्यास कपडे मळतात.' दहा वर्षांचं म्हातारपण समासात होतं. पेन्सिलीने. अक्षर माझं.
डॉक्टरने खुर्ची सरकवून जागा केली. कन्येने माझ्यापुढे फासे ठेवले.

संध्याकाळी ६.
पहिल्याच डावात चिखलराक्षसाने मला हात लावला. उदास वाटतंय. नियम सकाळपर्यंतचा आहे. बघू.